बोअरच्या पाण्याने धुतलेला फ्लास्क
कोकम सरबताचा लाल रंग दिसला की मला महाडच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं माझं द्रावण अगदी तसंच दिसायचं. त्यात जस्ताच्या क्षाराचे थेंब टाकून ते कण एकमेकांना जोडायचे होते; नीट जोडले गेले की रंग जांभळा होणार होता. पण तीन आठवडे रोज पोलादपूरहून एसटीने यायचं, थेंब टाकायचे आणि तळाला बसलेला काळा गाळ बघायचा, एवढंच चाललं होतं. त्या दिवशी द्रावण फ्लास्कमध्ये ओतलं, तर थेंब टाकायच्या आधीच ते जांभळं झालं; म्हणजे फ्लास्कमध्ये आधीच काहीतरी मिसळलं होतं. "फ्लास्कला हात कुणी लावला?" मी ओरडले. "मीच धुतला गो, बोअरच्या पान्यानं. धूळ बसली व्हती," प्रयोगशाळेतल्या मावशी म्हणाल्या. मी त्यांना नको ते बोलले. त्या निघून गेल्या. तासाभराने पाहिलं तर गाळ नव्हता. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमने जस्ताऐवजी कण जोडून माझं काम करून टाकलं होतं! मी धावत गेले, म्हटलं, "मावशी, अजून एक तसाच धुऊन द्या." "नाय बाय, तुझ्या बाटलीला आता मी हात नाय लावायची." मग बोअरच्या पाण्याची बादली मीच भरली. माझ्या प्रबंधात कॅल्शियमवर अख्खं प्रकरण आहे. मावशींची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही.