फिट होण्यापुरती गोळी

"क्रिएटिनिन पाच पूर्णांक दोन आहे," अकोल्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातली घाण. किडनी ती गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. माझ्या बाबांच्या दोन्ही किडन्या ते काम जवळजवळ सोडून बसल्या होत्या. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगत होती की वर्षानुवर्षं जोर लावून हृदयाची भिंत जाड झाली आहे. बीपी होतं एकशे नव्वद, खालचं एकशे अठरा.

"बीपीची गोळी रोज घेता ना?"

"रोज, मॅडम. एक दिवस खंड नाई," बाबा म्हणाले.

मी शेजारी उभी होते. खरं काय ते मला माहीत होतं, तरी मीही मान डोलावली.

बाबा बडनेऱ्याला रेल्वेत ड्रायव्हर. ड्रायव्हरची दरवर्षी तपासणी होते: डोळे, साखर, बीपी. पास झाला तर ‘फिट’, नाहीतर गाडीवरून खाली. सहा वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यात बाबांना बीपी निघालं. त्यांनी ते दडवलं. तपासणीच्या आठ दिवस आधी गोळी सुरू करायची, बीपी खाली आणायचं, शिक्का घ्यायचा आणि गोळी बंद. एका जुन्या सोबत्याने शिकवलेली युक्ती.

मेडिकलमधून ती गोळी मी आणायचे. फिट झाल्यावर पेढे मीच वाटले. त्याच दिवसांत मी स्टेशनबाहेर उभी राहून चालकांच्या विश्रांतीच्या तासांबद्दल पत्रकं वाटत होते. थकलेल्या माणसाच्या हाती हजार प्रवासी देऊ नका, असं त्यात मीच लिहिलं होतं. आणि वाढलेलं बीपी घेऊन इंजिनात चढणाऱ्या माणसाचा डबाही मीच भरत होते.

लक्षणं दिसत होती. लघवीला फेस. संध्याकाळी पावलांवर सूज, मोज्याचा खोल वळ. स्टेशनचा पूल चढताना दम लागला की बाबा हसायचे, "पायऱ्या वाढोल्या लेकायनं!" अमरावतीत कुणी ओळखीचं पाहील म्हणून आम्ही अकोल्याला जठारपेठेत आत्याकडे उतरलो आणि तिथला दवाखाना गाठला.

तीन दिवस तपासण्या झाल्या. मॅडम बुचकळ्यात पडल्या. रोज औषध घेऊनही एवढं बीपी म्हणजे किडनीची धमनी अरुंद झाली असेल, असं त्यांना वाटलं. सोनोग्राफीत नीट दिसलं नाही. मग त्यांनी सीटी अँजिओग्राफी ठरवली, म्हणजे रक्तात औषधी रंग सोडून धमन्यांचे फोटो काढायचे.

"त्या रंगाचा भार किडनीवर येतो. उरलीसुरलीही जाऊ शकते," त्या म्हणाल्या. "पण कारण शोधायलाच हवं."

कारण त्यांच्यासमोर दोन खुर्च्यांवर बसलं होतं.

बाहेर बाकावर मी म्हटलं, "बाबा, सांगून टाका."

"काहून? गाडी गेली तं तू आणून देशीन काय?"

"किडनी जाईल."

"जाऊ दे. म्या टेबलावर माशा मारत बसू काय? सत्तावीस वर्षं गाडी चालोली, एक सिग्नल नाई चुकलो." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आता बापावरच पत्रक काढशीन, नाई?"

मी उठले आणि आत जाऊन सगळं सांगितलं. गोळ्या मीच आणत होते, हेही.

मॅडमनी सीटीच्या कागदावर काट मारली. "वर्षातून आठ दिवस गोळी, म्हणजे बाकीचं वर्ष बीपी मोकाट. ते दुखत नाही, म्हणून माणसाला वाटतं की नाहीच. रोज घेतली असती, बीपी आटोक्यात राहिलं असतं, तर किडन्या वाचल्या असत्या. कदाचित गाडीही राहिली असती."

यातलं शेवटचं वाक्य मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

रोजच्या गोळ्या आणि कमी मीठ यांनी बीपी एकशे तीसवर आलं. क्रिएटिनिन चारवर येऊन थांबलं. त्याखाली येईल अशी आशा धरू नका, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त गाळणं, सध्या टळलं आहे. किती दिवस, ते औषधात खंड पडतो की नाही यावर. रजेच्या अर्जाला दवाखान्याचा खरा कागद जोडावा लागला आणि बाबा गाडीवरून उतरले.

तुमच्या घरात कुणी "मले काई होत नाई" म्हणत गोळ्या सोडत असेल, तर त्याला कणखर म्हणू नका. त्याच्यासाठी डॉक्टरशी खोटं बोलू नका. मी सहा वर्षं असल्या खोटेपणाला बापावरचं प्रेम समजत होते. मॅडमची मी ऋणी आहे. त्या रागावल्या नाहीत आणि त्यांनी माझी समजूतही घातली नाही.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. रोज सकाळी मी बीपीचं यंत्र घेऊन जाते. ते तोंड भिंतीकडे करून हात पुढे करतात. आकडा मी मोठ्याने वाचते. परवा एकशे अडतीस आला. मी पट्टा सोडू लागले, तर हात तसाच राहिला.

"अजून एकडाव पाहून घे," ते भिंतीला म्हणाले.