आमच्या पूर्णेतले आफ्रिकेचे मासे

आमचे हे पुण्याला कंपनीत. मी, सासूबाई अन् आमची तीन वर्षांची परी इथं पूर्णा गावात. मागच्या खेपेला ह्यांनी काचेची टाकी अन् सिक्लिड नावाचे सहा आफ्रिकेचे मासे आणून मांडले, अन् गेले. तवापासून इतके किस्से जमलेत की, फोनवर सांगायला घेतले तर ह्यांची जेवणाची सुट्टी संपते, किस्से उरतेत!

पहिल्याच दिवशी मासे तोंडात वाळू भरायले अन् कल्ल्यांतून सोडायले. मी लगेच ह्यांना फोन लावला. "अवो, मासे वाळू खायलेत!"

"खात न्हाईत, चाळायलेत. त्यातलं खाणं तेवढं वेचून घेतेत."

सासूबाई म्हणल्या, "मग माझी ज्वारी चाळायला बसव की त्यांना!"

*

आमच्या बोअरचं पाणी लय जड. डाळ शिजत न्हाई, केस गळतेत. मला धास्ती, मासे जगतेत का न्हाई. पण ह्या माशांना म्हणे असलंच पाणी लागतं. आठ दिवसांत अंगावर निळा रंग चढला! शेजारच्या काकू म्हणल्या, "बाई, ह्या घरचं पाणी मानवलं ते ह्यांनाच!"

*

मग एका मादीनं खाणंच सोडलं. गाल फुगलेले, तोंड मिटलेलं. परी दोन घास कमी जेवली तरी मी रडकुंडीला येते, हिचा तर चार दिवस उपास! सासूबाईंनी निरखून बघितलं. "काही झालं न्हाई. माझ्यासारखी तंबाखू धरून बसली!"

हे फोनवर हसले. "अगं, तोंडात अंडी हायत. पिल्लं बाहेर येईस्तोवर तीन हप्ते ती खाणार न्हाई." मग हळूच म्हणले, "पिल्लं सोडंल तवा मी तिथं असेन."

*

मी रोज कॅलेंडरवर काट मारायला लागले. टाकीपुढं बसून मादीला सांगायचे, "बाई, अजून थोडं थांब. हे पुण्याहून निघाले की सोड पिल्लं."

काकूंनी ऐकलं. "पोरीच्या मागं जेव जेव करत पळतीस, अन् हिला म्हणतीस उपाशी थांब!"

*

तिनं पिल्लं सोडली रविवारी सकाळी. ह्यांची सुट्टी आदल्या दिवशीच रद्द झालेली. मी व्हिडिओ कॉल लावून मोबाईल काचेजवळ नेला. बडीशेपेएवढी दहा-बारा पिल्लं! मोबाईल बघून दचकली. आईनं तोंड उघडलं, अन् सगळी भराभर आत!

"कुठं गेली?" ह्यांनी विचारलं.

"भ्याली," परी म्हणली. "आईकडं गेली."

मग तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, तोंडाजवळ धरला अन् मोठ्ठा आ केला.

"पप्पा, या!"