हातभर केबल

दोन महिने मी कंप्युटरचं नेट टॅबला द्यायच्या ऐवजी टॅबकडूनच नेट मागत होतो. केबल बरोबर लावायचो, बटण उलटं दाबायचो आणि वर समोरच्या माणसाला ठासून सांगायचो, "अण्णा, तुमचा टॅबच बाद आहे."

"असंल," अण्णा म्हणायचे. टॅब उपरण्यात गुंडाळायचे. "पुढच्या शुक्रवारी येतो."

अण्णा एसटीतले निवृत्त कंडक्टर. वाशी तालुक्यात आमच्या गावापासून अर्ध्या कोसावरच्या वस्तीवर राहायचे. माझं गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. गाव टेकडीच्या पोटात असल्यानं मोबाइलला रेंज म्हणजे पाहुणी. आली आली म्हणेपर्यंत गेलेली. नेट यायचं ते खांबावरून माझ्या कंप्युटरला येणाऱ्या एकाच वायरीतून. माझ्या जुन्या डब्यात वायफाय नव्हतं, अण्णांच्या टॅबला सिम बसत नव्हतं. म्हणजे दोघांची सोयरीक जुळवायची तर केबलच पाहिजे.

शेवटी नेटची वायर दुरुस्त करायला आलेल्या लाइनमननं माझा उद्योग पाहिला. पक्कड खिशात घालत म्हणाला, "तुमी टॅबकडं नेट मागायलाव. त्याच्यापाशी असतं तर तो तुमच्या दारात कशाला आला असता?" त्यानं कंप्युटरवर एक छोटा प्रोग्राम टाकला, टॅबमध्ये एक खूण केली, आणि दहा मिनिटांत नेट उलटं वाहायला लागलं.

मी अण्णांना म्हणालो, "टॅब सुधारला बघा."

"व्हय," अण्णा म्हणाले. "गुणाचाय." ते लाइनमनसमोरच बसले होते. सगळं ऐकलेलं होतं. पण माझी चूक त्यांनी मला कधी दाखवली नाही. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला वाटतं, यांना काही कळत नाही.

टॅब त्यांच्या मुलीनं व्हिडिओ कॉलसाठी पाठवलेला. ती जन्मापासून ऐकू न येणारी. लग्न करून पुण्याला गेली, तिथं शिवणकामाच्या कारखान्यात लागली. फोन तिच्या काय कामाचा? मी एकदा विचारलं, "अण्णा, मेसेज करा की. तिला वाचता येतं, तुम्हाला येतं."

अण्णा म्हणाले, "लिवलं की तिचा आवाज येत न्हाय."

तिचा आवाज म्हणजे तिचे हात. ती लहान असताना सुट्टीत अण्णा तिला गाडीवर न्यायचे. तिला घंटा ऐकू यायची नाही, पण डोक्यावरची दोरी हललेली दिसायची. एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. बापलेकींच्या भाषेतले हे पहिले दोन शब्द. शाळेतल्या खुणा ती नंतर शिकली, अण्णा तिच्याकडून शिकले. पण बोलणं संपवायची रीत तीच राहिली. अण्णा हात वर करून हवेतली दोरी दोनदा ओढायचे. पलीकडे ती पण ओढायची. मग अण्णा म्हणायचे, "डबल झाली," आणि मी केबल काढायचो.

दर शुक्रवारी, बरोबर तीनला. केबल टॅबसोबत आलेली, हातभर. कंप्युटरचा डबा टेबलाखाली, पुढची भोकं धुळीनं बुजलेली, त्यामुळं केबल मागच्या अंगाला लावायची. अण्णा टेबलाच्या पायापाशी पोतं अंथरायचे, टॅब भिंतीला टेकवायचे आणि मांडी घालायचे. जोडली की टॅब दर वेळी विचारायचा, या कंप्युटरला परवानगी द्यायची का. अण्णा खालून मान वर करायचे.

"इचारायलाय. देऊ का परवानगी?"

"द्या."

"पुन्हा इचारायचं नसंल तर खूण करा म्हणतोय."

"मग करा की, कटकट मिटंल."

"कायमची कशाला? एका फेरीचं तिकीट एकाच फेरीला चालतं." 

हे दर शुक्रवारी, शब्दाला शब्द. पहिल्यांदा मला हसू आलं, मग कंटाळा आला. नंतर नंतर मी मान न वळवताच "द्या" म्हणायचो. मग खाली हातांची सळसळ सुरू व्हायची. दुकानात खुर्च्यांवर बसलेली माणसं वाकून बघायची. एखादा म्हणायचा, "अण्णा, कुणाच्या माशा हाकलायलाव?" अण्णा हसायचे. हात रिकामे नसायचे, उत्तर कशानं देणार?

आता त्या दिवसाचं सांगतो. भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अंगठा घ्यायचं मशीन चालेना. मागचं एकच भोक धड, आणि त्यात अण्णांची केबल. खाली हात चाललेले. मी वाकलो, "अण्णा, दोन मिनिटं" म्हणालो आणि केबल उपटली. विचारलं नाही. म्हणजे टॅब दर वेळी परवानगी मागायचा, मी एकदाही मागितली नाही.

अण्णांचा हात वरच राहिला. एकदाच ओढल्यासारखा.

"सिंगल झाली," ते म्हणाले.

दोन मिनिटांचे दोन तास झाले. अण्णा पोत्यावर बसून होते. कुणाचा पाय लागला की सरकून घ्यायचे. दिवस कलल्यावर उठले, पोतं झटकून त्याची घडी घातली. मी अंगठे घेत होतो. त्यांनी जाताना "शुक्रवारी येतो" म्हटलं, एवढं ऐकल्याचं आठवतं. मी काय म्हणालो ते आठवत नाही.

मंगळवारी अण्णा शेतातल्या लिंबाखाली बसल्या जागी गेले. मी मातीला गेलो होतो. मुलगी पोचली तेव्हा लोक परतायला लागले होते. तिच्यासमोर जायची माझी छाती झाली नाही.

चौदाव्यानंतर तीच दुकानात आली. हातात टॅब, उपरण्यात गुंडाळलेला. मी खुर्ची फडक्यानं पुसून दिली. ती बसली. टेबलाखाली बघितलं, डबा बघितला, भिंतीला कललेलं पोतं बघितलं. मला खुणा येत नव्हत्या. दीड वर्ष माझ्या पायाशी एक भाषा बोलली जात होती आणि मला त्यातले फक्त दोन शब्द ठाऊक, तेही घंटीचे.

म्हणून मी एक कोरा फॉर्म उलटा करून लिहायला बसलो. पंधरा दिवस मनात घोकलेलं सगळं लिहिलं. त्या शुक्रवारी केबल मी काढली. टॅबचा दोष नव्हता. तुमचं बोलणं माझ्यामुळं अर्धं राहिलं. अण्णांना डबल देता आली नाही. मला माफ करा.

तिनं सावकाश वाचलं. माझी समजूत अशी की ती रडेल, नाहीतर कागद फाडेल, आणि दोन्हीपैकी काही झालं तरी मी मोकळा होईन. तिनं यातलं काही केलं नाही. बसल्या खुर्चीच्या हातावरून एकदा हात फिरवला, भिंतीशी ओळीनं लावलेल्या बाकीच्या तीन खुर्च्यांकडं बघितलं. मग माझ्या हातातला पेन घेतला, माझ्या माफीच्या खाली एक ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडं फिरवला.

"ते दर वेळी जमिनीवर दिसायचे. मला वाटायचं, तुमच्या दुकानात खुर्चीच नाही."