रेजिनाचा हट्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. चर्चमध्ये कन्फेशनला गुडघे टेकले तेव्हाही नाही.

वसईतल्या एका डॉक्टरांनी माझ्या बायकोची, रेजिनाची फाईल मिटली आणि म्हणाले, "यांना मेजर डिप्रेशन आहे." मग मला विचारलं, "घरात, गावात काही घडलंय का? कसला ताण?"

रेजिना माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही हो डॉक्टर. सगळं व्यवस्थित आहे."

तिने मान खाली घातली. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. तिच्या आजाराचं कारण त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलं होतं, ते काही त्यांना दिसलं नाही.

मेजर डिप्रेशन म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हे. झोप, भूक, उमेद सगळं एकदम जातं आणि आठवडेच्या आठवडे परत येत नाही. माणूस आळशी झाला असं घरच्यांना वाटतं. मला तसं वाटत होतं, म्हणजे तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

आमचं गाव पापडीच्या बाजूचं. केळी, मोगरा, पानवेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नालासोपारा-विरारला बिल्डिंगांमागे बिल्डिंगा उठल्या आणि त्यांना पाणी नव्हतं. टँकरवाले वाड्यांतून फिरू लागले. गावाने बैठकीत ठरवलं होतं, टँकरला विहीर कुणी द्यायची नाही. जमिनीखाली सगळ्यांचा झरा एकच. एकाने जास्त उपसलं तर खाडीचं खारं पाणी सगळ्यांच्या विहिरीत शिरतं.

मी दिली. घरात अडचण होती असं लिहिलं तर मला सोपं जाईल. अडचण नव्हती. मला कौलं काढून वर गच्ची टाकायची होती, बस. रेजिना नको म्हणाली. तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा माझा पंप चालू होता, तिचा आवाज ऐकू आला नाही असं मी दाखवलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या फिलोमिनाची विहीर मचूळ झाली आणि तिच्या पानवेली करपल्या. फिलोमिना ही रेजिनाची गावातली पहिली मैत्रीण. रेजिना माहेरची वांद्र्याची. लग्न होऊन आली तेव्हा वाडीतली कामं तिला फिलोमिनानेच शिकवली.

गावाने मला बोलावलं. पास्कूकाका बैठकीत सगळ्यांत मोठे. ते म्हणाले, "इनास, तू तर आमच्याबरोबर हात वर केला होतास. मग हे काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "काका, मी काय करू? बायकोचा हट्ट. तिला माहेरासारखं गच्चीचं घर पाहिजे."

कुणीतरी हसलं. "म्हणजे घरात तुझं चालत नाय वाटतं?"

"चाललं असतं तर ही वेळ आली असती का रे?"

मग सगळेच हसले. मीही हसलो. राग उतरला. माझ्यावरचा. तो कुठे गेला, हे मी घरी जाताना विचारात घेतलं नाही.

रेजिनाला हे अर्नाळ्याच्या चांगुणाकडून कळलं. ही कोळीण आमच्याकडे म्हावरं घेऊन यायची. टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, कशाला गो तू असा हट्ट केला? सगल्यांचा पानी खारा झाला. तुजा नवराच सांगतो."

संध्याकाळी रेजिनाने विचारलं, "तू असं म्हणालास?"

मी म्हणालो, "म्हटलं असेल. लोक काय, चार दिवसांत विसरतात."

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे ती माहेराहून शिकून आली होती. मला ते ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी बोललो होतो.

आमच्याकडे मे महिन्यात रोज संध्याकाळी गावच्या क्रुसापाशी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. रोज एका घराची पाळी. त्या घराने क्रूस फुलांनी सजवायचा, प्रार्थना सांगायची आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. रेजिनाचा आवाज चांगला, म्हणून दुसऱ्यांच्या पाळीलाही प्रार्थना तीच सांगायची. त्या वर्षी तिला कुणी बोलावलं नाही.

मग आमची पाळी आली. सकाळपासून तिने मोगऱ्याच्या माळा केल्या. मोठ्या टोपात चणे उकडले, खोबरं घातलं. संध्याकाळी आम्ही क्रुसापाशी उभे राहिलो. कुणी आलं नाही. फिलोमिनाच्या ओटीवर बायका बसल्या होत्या, तिथून क्रूस दिसतो. रेजिनाने रोझरी सुरू केली. अर्धी प्रार्थना सांगणाऱ्याने म्हणायची असते, उरलेली जमलेल्यांनी. उरलेली म्हणायला मी एकटा होतो. रोझरीचे पाच भाग, त्यांना रहस्यं म्हणतात. तिसऱ्या रहस्याला तिचा आवाज गेला.

टोप तसाच्या तसा घरी आला. ती दोन दिवस ते चणे एकटीच खात होती. टाकू देत नव्हती.

जूनपासून तिच्या पोटात जळजळ. मग छातीत धडधड. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, तो काढला. नॉर्मल. थायरॉइड म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीची रक्ततपासणी. नॉर्मल. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर बघतात. थोडी सूज, बाकी काही नाही. प्रत्येक रिपोर्ट हातात घेताना माझी एकच इच्छा असे, यात काहीतरी सापडू दे. ज्याला औषध आहे आणि ज्यात माझं नाव नाही, असं काहीतरी.

एकदा नालासोपाऱ्याच्या लॅबबाहेर बाकावर शेजारी एक बाई बसली होती. तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं. आपणहूनच बोलायला लागली. "आमच्या बिल्डिंगीत टँकरवरून रोज भांडणं हो. माझ्या बाजूवालीशी मी दोन महिने बोलत नाही, एका कळशीवरून. आणि पाणी तरी कसं, डाळसुद्धा शिजत नाही त्यात." रेजिनाने तिचा हात धरला आणि रडायला लागली. बाई घाबरली. मला म्हणाली, "अहो, माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही, तिला बरं नाहीये." ते पाणी कुठल्या विहिरीचं असेल, याचा हिशेब रेजिनाने माझ्याआधी केला होता.

रिपोर्ट संपले तेव्हा आम्ही त्या वसईच्या डॉक्टरांकडे पोचलो. त्यांनी अँटीडिप्रेसंट दिल्या. मेंदूतली बिघडलेली रसायनं सावरणाऱ्या गोळ्या. तीन-चार आठवड्यांशिवाय गुण दिसत नाही, तोवर मनाने बंद करायच्या नाहीत. गावात मी सांगितलं, थायरॉइड निघालं. आणखी एक खोटं, पण एव्हाना हात बसला होता.

दर महिन्याला डॉक्टर तिला एक फॉर्म भरायला लावत. त्याला ते क्वालिटी ऑफ लाइफ म्हणत. म्हणजे माणूस नुसता जिवंत आहे की जगतोय, त्याचं मोजमाप. झोप लागते का, जेवण जातं का, घरकाम जमतं का. तीन महिन्यांत त्या उत्तरांत फरक पडला. एक प्रश्न होता, शेजाऱ्यांशी संबंधांबाबत तुम्ही किती समाधानी आहात? तो ती दर वेळी कोरा सोडायची. डॉक्टरांनी एकदा त्यावर बोट ठेवलं. मला म्हणाले, "गोळी झोप देईल. शेजारीण नाही देणार." मी मान डोलावली, जणू ते तिसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते.

दीड वर्षाने मी एकटाच त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हे मला पहिल्याच दिवशी हवं होतं. आता माझ्यापाशी सांगून मोकळे झालात असं समजू नका. जिथे तिचं नाव घेतलंत तिथे जाऊन सांगा."

मी गेलो नाही. पुढे आमची विहीरही खारट झाली आणि टँकरवाल्याने आपणहून येणं सोडलं. इनासला पश्चात्ताप झाला, त्याने पंप बंद केला, असं गाव म्हणतं. तेही मी दुरुस्त केलेलं नाही. गच्ची झाली. तिच्यावर रेजिना एकदाही चढली नाही.

तुमच्या घरात असा आजार असेल तर गोळ्या वेळेवर द्या, तारखा चुकवू नका. आणि डॉक्टरांनी ताणाचं विचारलं की खरं सांगा. सगळी कारणं रक्तात सापडत नाहीत. काही गल्लीत असतात, काही आपल्याच तोंडात.

आज रेजिना जेवते, झोपते, नातीला केसांची वेणी घालते. रिपोर्टच्या भाषेत ती बरी आहे. मे महिन्यात संध्याकाळी घंटा वाजली की खिडकी लावून घेते. आत तिचे ओठ हलतात. फिलोमिना गेल्या वर्षी वारली. माती द्यायला सगळं गाव होतं, रेजिना दफनभूमीच्या फाटकापाशी उभी राहिली आणि तिथूनच परतली. फिलोमिनाला मला जे सांगायचं होतं ते आता राहिलंच.

हे लिहून मी आधी रेजिनाला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. कागद परत देताना म्हणाली, "चांगलं लिहिलंयस. पण हे वाचणारी माणसं आपल्या गावची नाहीत."

येत्या मे महिन्यात पुन्हा आमची पाळी आहे. विहीर मी दिली, रेजिना नको म्हणत होती. हे क्रुसापुढे उभं राहून, गावाला ऐकू जाईल असं बोलणं मी तिला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.