पाचच्या आत मुक्काम

शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका शेडसमोर आमच्या गाडीला कॅरव्हॅन जोडली, तेव्हा माझी पक्की खात्री होती की नवऱ्याची नोकरी गेली आहे आणि तो ते माझ्यापासून लपवतो आहे.

इथे वीस वर्षं काढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. नवऱ्याचं वागणं बदललं की पुण्यातल्या बायका दुसऱ्या बाईचा विचार करत असतील, आम्ही व्हिसाचा करतो. त्याच्या नोकरीवर त्याचा व्हिसा, त्याच्या व्हिसावर मुलीचा, आणि मुलगी शारजात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. नोकरी गेली की काही महिन्यांत माणसांचा पत्ताच बदलतो. आमच्या मजल्यावरचं एक कुटुंब असंच गेलं. त्या गृहस्थाने दोन महिने रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लिफ्टने खाली जाऊन दाखवलं होतं.

माझ्याकडे पुरावे होते. नवरा अबुधाबीतल्या एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. आम्ही राहतो दुबईत, सिलिकॉन ओएसिसला. चौदा वर्षं हा माणूस एकटा गाडी चालवत गेला आणि आला, कारण दुसऱ्याच्या गाडीतला एसी त्याला सोसत नाही. ऑक्टोबरपासून तो अचानक तीन सहकाऱ्यांबरोबर जायला लागला. कारण काय, तर ट्रॅफिकचा कंटाळा. पुण्याच्या मोठ्या भावाशी वर्षातून चार वेळा बोलणारा हा आता दर रविवारी बाल्कनीचं दार ओढून बोलायचा. आणि रोज संध्याकाळी आठला मोबाइलचा अलार्म वाजला की ऑफिसची बॅग घेऊन बाथरूममध्ये जायचा आणि पाच मिनिटांनी लाल डोळ्यांनी बाहेर यायचा. ठरलेल्या वेळी, अलार्म लावून रडणारा पुरुष मी ऐकलेला नव्हता. पण इंजिनिअर माणसाचं काही सांगता येत नाही.

शिवाय ऑस्ट्रेलिया. गेली कित्येक वर्षं हा जेवताना एका ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्या जोडप्याचे व्हिडिओ बघतो. ती दोघं कॅरव्हॅन ओढत समुद्राकाठाने जातात, मेंढ्यांच्या गावात थांबतात, चहा करतात, पुढे जातात. बास. निवृत्त झाल्यावर आपणही जाऊ, असं तो म्हणायचा आणि मी हो म्हणायचे, कारण निवृत्ती लांब होती. नोव्हेंबरमध्ये एकदम म्हणाला, “निवृत्ती कशाला? या एप्रिललाच जाऊ. तीन आठवडे.” बुकिंगही करून मोकळा झाला. ज्याने हॉटेलचा नाश्ता घ्यायचा की नाही यावर आठवडा घालवला आहे, त्याची ही घाई मला पटली नाही.

मी हमरियातच नोकरी करते. पाइपांची फिटिंग्ज करणारा कारखाना आहे, तिथे मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. संशय घेणं हे माझं काम आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. म्हणून मी आधीच पावलं टाकली. माझा व्हिसा माझ्या कंपनीचा आहे. त्यावर नवरा आणि मुलगी येऊ शकतात का, हे मी आमच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या केरळी माणसाला विचारून ठेवलं.

“मॅडम, हजबंड का व्हिसा? क्यों, साब का काम खलास?”

“अभी नहीं,” मी म्हणाले. “इन्शाल्ला नहीं.”

त्याने कागदांची यादी दिली. ती मी पर्समध्ये ठेवली. नवरा सांगेल तेव्हा यादी पुढे करायची, असं ठरवलं. म्हणजे रडारड टळेल.

ऑस्ट्रेलियाची रंगीत तालीम म्हणून जानेवारीत चार दिवस इथेच फिरायचं ठरलं. हमरियात त्याचा एक मित्र आहे, मूळचा साताऱ्याचा. तो फूड ट्रक बनवतो. त्याने हौसेने एक कॅरव्हॅन बनवली होती, ती त्याने दिली.

“वहिनी, साहेबांनी हे खूळ कुठून आणलं?”

“तुम्हीच सांगा. तुमच्याकडे नोकरीबिकरी मागितली का त्यांनी?”

तो जरा जास्तच हसला. मी ते लक्षात ठेवलं.

शेडमागच्या मोकळ्या जागेत नवऱ्याने माझ्या हातात किल्ली दिली. म्हणाला, “आधी तू शीक. रिव्हर्ससकट. तिथे डाव्या बाजूने चालवायचं असतं, तुला पुण्याची सवय आहे.”

“तुला नाही? तूही पुण्याचाच.”

तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला. माझ्याकडे माझी वेगळी गाडी आहे, पण त्याच्या फोर बाय फोरच्या स्टिअरिंगला त्याने मला कधी हात लावू दिला नव्हता. मी तासभर पुढे-मागे केलं. कॅरव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे डोक्याला कळतं, हातांना कळत नाही. मग तो चालवायला बसला आणि आम्ही निघालो.

दिब्बाच्या किनाऱ्याला तो धैदवरून मसाफीच्या डोंगरातून जायचं म्हणत होता. मी म्हटलं, खोर फक्कानचा नवा रस्ता जवळ पडतो.

“त्यात बोगदे आहेत. कॅरव्हॅन घेऊन बोगद्यात नको.”

“काय होतं बोगद्यात?”

“वारा.”

“बोगद्यात वारा?”

“अगं, एअरोडायनॅमिक्स असतं त्याचं,” तो म्हणाला. पंचवीस वर्षांच्या संसारात इंग्रजी शास्त्राचा आधार त्याने फक्त खोटं बोलताना घेतला आहे.

दुसरा नियम, पाचच्या आत मुक्काम. सूर्य पावणेसहाला मावळतो, रस्ते विमानतळासारखे उजळलेले असतात, तरी पाचच्या आत. म्हणे, ती म्हातारा-म्हातारी असंच करतात.

धैदला खजुराच्या एका शेतावर उतरायची सोय होती. आत शिरताना फाटकाच्या डाव्या खांबाला कॅरव्हॅन घासली. लांब, कुरकुरीत आवाज झाला.

“खांब दिसला नाही?”

“ऊन डोळ्यावर आलं.”

ऊन आमच्या पाठीशी होतं. मी मनात लिहिलं, लक्ष ठिकाणावर नाही. नोकरी.

दुसऱ्या दिवशी दिब्बाला, समुद्राला लागून कॅरव्हॅन लावली. शेजारी एक अरबी कुटुंब चटया टाकून बसलं होतं. त्यांच्यातल्या आजोबांनी हाक मारून कॉफी प्यायला बोलावलं. इथले जुने लोक आपल्यापेक्षा चांगली हिंदी बोलतात.

“काम किधर करता, हबीबी?”

मी कान टवकारले. नवरा म्हणाला, “अबुधाबी में. कन्स्ट्रक्शन.” आणि म्हणताना त्याचा डावा हात शेजारच्या खजुराच्या तबकाला लागला. अख्खं तबक वाळूत.

“माफी मुश्किल, माफी मुश्किल,” म्हणजे काही हरकत नाही, असं आजोबा म्हणाले, आणि नातवंडं खिदळली. नवरा कानापर्यंत लाल झाला. नोकरीचा विषय निघाला आणि हात चुकला, एवढंच मला दिसलं.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी किनाऱ्यावर लांब जाऊन तिला सगळं सांगितलं.

“आई, यू आर बीइंग पॅरानॉइड. जस्ट आस्क हिम.”

“विचारलं की माणूस उत्तर तयार करतो.”

“दॅट्स व्हॉट कॉन्व्हर्सेशन इज, आई!”

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पाण्याच्या कडेने चालायला गेला आणि मी छोटा फ्रिज पुसायला काढला. त्यात मागे श्रीखंडाचा एक डबा होता, दोन रबर लावलेला. तो त्याने स्वतः आणून ठेवला होता. नवऱ्याला साखरेचं पथ्य आहे, आणि मला श्रीखंड आवडत नाही. चार दिवसांच्या सहलीला जे कोणीच खाणार नाही ते माणूस कशाला आणेल? मी रबर काढले.

आत डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती आणि चार घड्या घातलेला हॉस्पिटलचा कागद. कागदावर नजरेचा आवाका दाखवणारे दोन गोल, प्रत्येक डोळ्याचा एक. उजव्याच्या कडेला थोडंसं काळं. डाव्याच्या बाहेरच्या बाजूला जाड काळी कोर, जणू कुणी चावा घेतला आहे. तारीख ऑक्टोबरची. खाली रोगाचं इंग्रजी नाव, जे मला माहीत होतं, कारण सासऱ्यांच्या फाइलवर तेच होतं. काचबिंदू.

पहिला विचार आला की नोकरी आहे. बरं वाटलं. खरं आहे म्हणून लिहिते. ते मिनिटभर टिकलं.

मग सासरे आठवले. शेवटची सहा वर्षं ते ताटात हात फिरवून आमटीची वाटी शोधायचे आणि सापडली की काहीच झालं नाही असा चेहरा करायचे. मग खांब, तबक, बोगदे, पाचच्या आतला मुक्काम, अलार्म, लाल डोळे हे सगळं एका रांगेत उभं राहिलं. सगळे पुरावे बरोबर होते. मी निकाल चुकीचा लावला होता. आणि शेवटी हे लक्षात आलं की दीड टनाची कॅरव्हॅन मागे लावून मी तीन दिवस या माणसाच्या शेजारी बसले होते, आणि डावीकडून येणारं त्याला दिसत नव्हतं.

तो परत आला तेव्हा डबा घडीच्या टेबलावर होता.

“श्रीखंड खराब झालंय,” मी म्हणाले.

तो खुर्चीत बसला. पायाची वाळू झटकत राहिला.

“दादाला सांगितलंस. मला नाही.”

“दादालाही काचबिंदू निघालाय. आणि तो ऐकून घेतो. तू तपासणी करतेस.”

“मला वाटलं तुझी नोकरी गेली.”

“नोकरी?” त्याने मान वर केली. मी पर्समधून कागदांची यादी काढून दिली. त्याने ती डोळ्यांसमोर धरून पूर्ण वाचली. “म्हणजे मला तुझ्या व्हिसावर घेणार होतीस? हाउसवाइफ म्हणून?”

“हाउसहजबंड. काम करायला मनाई.”

तो हसला, मीही हसले. मग तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, “मार्चमध्ये लायसन्स रिन्यू करायचंय. डोळ्यांची टेस्ट असते, पण नुसती अक्षरं वाचायची असतात. समोरचं मला स्वच्छ दिसतं. मी पास होईन.”

तो खोटं बोलत नव्हता. तो पास झाला असता. मला धास्ती वाटली ती याचीच.

“आमच्याकडे असे पीस येतात,” मी म्हणाले. “मापाच्या गेजमधून पास होतात. पण चीर कुठे आहे ते मला माहीत असलं तर मी सही करत नाही.”

“मी पीस नाही.”

“नाहीस. पण शेजारी मी बसते. आणि समोरून येणाऱ्या गाडीतही कोणाची तरी मुलगी असते. डॉक्टर गाडीबद्दल काय म्हणाले?”

“दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, शक्यतो...”

“हे ‘शक्यतो’ डॉक्टरांचं की तुझं?”

त्याने डब्याचं झाकण परत लावलं. शेजारची अरबी पोरं चेंडू खेळत होती.

“माझं,” तो म्हणाला. “त्यांनी बंद कर म्हणून सांगितलं. मला एकदाच चालवायची होती गं. ती व्हिडिओतली दोघं चालवतात तशी. तुला शेजारी बसवून.”

मी हात पुढे केला. त्याने खिशातून किल्ली काढून दिली. आठला अलार्म वाजला तेव्हा तो बाथरूममध्ये गेला नाही. माझ्यासमोर मान मागे टाकून थेंब घातले. एक गालावर पडला.

चौथ्या दिवशी मी चालवत परत आणली, खोर फक्कानच्या रस्त्याने, सगळ्या बोगद्यांतून. वारा नव्हता. पहिल्या बोगद्यात शिरताना त्याने दाराची मूठ धरली आणि म्हणाला, “आत आलो की काही सेकंद नुसता काळोख असतो. मग हळूहळू दिवे येतात.” पुढच्या बोगद्यात मी मनात सेकंद मोजले आणि विचारलं, “आता?”

“आता आले.” मी सात मोजले होते.

हमरियाला शेडमध्ये कॅरव्हॅन मागे घ्यायची होती. साताऱ्याचा मित्र बाहेर येऊन थबकला. “वहिनी, तुम्ही? आणि साहेब?”

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. त्याच्या जागी उत्तर देऊन त्याला सोडवायचं मी टाळलं.

“साहेबांचं ड्रायव्हिंग खलास,” नवरा म्हणाला. “डोळे गेलेत रे. बाजूचं दिसत नाही. यल्ला, चल, तू त्या बाजूला उभा राहा, मी इकडून सांगतो.”

तीन वेळा चुकलं, चौथ्यांदा बसली. धैदच्या फाटकाने काढलेला ओरखडा मित्राने बोटाने चाचपला आणि काही विचारलं नाही.

मार्चमध्ये नवऱ्याने लायसन्स रिन्यू केलं नाही. मी विचारलं नाही. तो अंघोळीला गेला असताना पाकिटातल्या कार्डावरची तारीख बघितली. ऑस्ट्रेलियाचं बुकिंग त्याने स्वतः बदललं. चालक म्हणून माझं नाव घातलं, दुसऱ्या चालकाची जागा रिकामी. तो फॉर्म मी दोनदा उघडून बघितला.

आता थेंबांची बाटली घरच्या फ्रिजमध्ये उघड्यावर असते. दर शुक्रवारी मी ती उजेडात धरून औषध किती उरलंय ते बघते. त्याला वाटतं, मी फ्रिज पुसते.