डब्याचं भाषण

निवृत्तीनंतर मी शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जायला लागले. जन्मभर मराठी शिकवलं, आता घरी बसून टीव्हीवरच्या निवेदकांना शिव्या घालण्यापेक्षा हे बरं, असं माझ्या लेकीचं मत पडलं. नाशकात एकदा परीक्षक म्हणून नाव निघालं की सुटका नसते. सिडकोतल्या शाळेनं बोलावलं की पंचवटीतल्या मंडळाला कळतं आणि तिथून नाशिक रोडपर्यंत बातमी जाते. शाली इतक्या जमल्या की नात्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या उबेत आहेत. नारळाच्या वड्या मला स्वतःला आता बघवत नाहीत.

स्पर्धेत मुलांना नावं नसतात, क्रमांक असतात. शाळाही जाहीर करत नाहीत, म्हणजे परीक्षकानं पक्षपात करू नये. पण मागच्या रांगेतले जे सर मुलाच्या प्रत्येक वाक्याला स्वतःचे ओठ हलवत असतात, ते लेकरू त्यांचं, हे आंधळ्यालाही कळेल. आमच्या हातात गुणतक्ता असतो. विषयाची मांडणी, उच्चार, हावभाव आणि सगळ्यांत शेवटी ‘एकूण परिणाम’. खरी मेख त्या शेवटच्या रकान्यात आहे. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. इथं परीक्षक रडल्याशिवाय नंबर मिळत नाही. त्यामुळे सगळे सर आणि मॅडम मुलांना रडवणारी भाषणं लिहून देतात आणि मुलं ती घडाघडा पाठ करतात. एकेका सकाळी मी चार-चार आया वृद्धाश्रमात पोचवून घरी आलेय.

ती मुलगी मला पहिल्यांदा भेटली ती सिडकोतल्या एका शाळेच्या सभागृहात. तेव्हा आठवीत होती. घट्ट दोन वेण्या, इस्त्रीचा गणवेश. वडील अंबडच्या एका कंपनीत कामाला होते आणि कामावरून परत येताना रस्त्यावर अपघातात गेले. हे खरं होतं, बनवलेलं नव्हतं. ती वडिलांशीच बोलत होती. “बाबा, त्या दिवशी काम इतकं होतं की तुम्ही जेवलाच नाहीत. तुमच्या गाडीला अडकवलेला डबा घरी आला. आईनं तो उघडला. तो भरलेलाच होता.” इथं ती थांबली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी चष्मा काढला. शेजारच्या परीक्षकांनीही काढला. पहिला नंबर कुणाला द्यायचा यावर चर्चासुद्धा झाली नाही.

निकालाआधी परीक्षकानं मनोगत व्यक्त करायचं अशी आपल्याकडे रीत आहे. लोकांना निकाल हवा असतो आणि त्यांना आपलं मनोगत ऐकावं लागतं. त्यात मी म्हणाले, “ही मुलगी भाषण करत नव्हती, ती ते जगत होती.” टाळ्या पडल्या. वाक्य मलाही आवडलं होतं.

काही महिन्यांनी पंचवटीतल्या मंडळाच्या स्पर्धेत ती पुन्हा आली. तेच भाषण, तोच डबा. थांबली त्याच जागी, पाणी आलं त्याच जागी. या वेळी माझा चष्मा नाकावरच राहिला. ही रडते की रडून दाखवते, अशी शंका मनात आली आणि ती मला आवडली नाही, म्हणून मी तिला गुण नीट दिले आणि ती पुन्हा पहिली आली.

निकाल लागल्यावर मी पाणी प्यायला गेले तर ती नळाशी उभी होती. मला बघून म्हणाली, “मॅडम, तुम्ही मागच्या टायमाला पण होत्या ना?” मी हो म्हणाले. तिच्या डाव्या तळहाताच्या कडेला नखांचे लाल वण उठले होते. “हे काय झालं गं?”

“चिमटा काढते,” ती सहज म्हणाली. “पहिल्यांदा आपोआप यायचं. आता रडू येत नाय, मग चिमटा काढायचा.”

ती पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, “मॅडम, डबा भरलेला नव्हता. रिकामा होता. घासलेला. बाबा जेवले की कंपनीतच डबा धुवून आणायचे, आईला काम नको म्हणून. सरांनी भरलेला लिहिलं.”

“मग रिकामाच म्हण की.”

“सर म्हणाले, रिकाम्या डब्यानं कोण रडणारे?” ती नळाच्या तोटीशी चाळा करत राहिली. “आई लय चिडली. म्हणाली, माझ्या हातचं त्यांनी कधी टाकलं नाय आन तू गावभर सांगत फिरती, बाप उपाशी गेला म्हणून. ती ऐकायला येतच नाय.”

मला त्या सरांचा असा संताप आला की तिथल्या तिथं जाऊन त्यांना दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. पण ते समोरच चार मुलांना वडापाव घेऊन देत होते, स्वतःच्या खिशातून. रविवारची सुट्टी सोडून ते पोरांना रिक्षात घालून शहरभर हिंडवतात. शिव्या द्यायला माणूस थोडा तरी वाईट हवा.

“सर म्हणाले, दुसऱ्या विषयावर नंबर आणून दाखव, मग डबा बंद करू,” ती म्हणाली. “मी लिहिलंय एक. माझं मीच. आईच्या गाडीचं.”

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच होतं. त्या पोरीला एक नंबर हवा होता. करंडकाची हाव नव्हती तिला, बापाला उपाशी मारणं थांबवायचं होतं.

ते आईच्या गाडीचं भाषण मी नाशिक रोडच्या आंतरशालेय स्पर्धेत ऐकलं. माझ्याबरोबर दुसरे परीक्षक म्हणून एक गृहस्थ होते. तरुणपणी नाटकांत कामं केलेले, अजूनही चहा मागतात तो तिसरी घंटा झाल्यासारखा. माणूस चांगला, पण स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात.

ती आली आणि ‘आदरणीय व्यासपीठ’ वगैरे काही न म्हणता एकदम सुरू झाली. “माझ्या आईला ब्रेक माहीत नाही, तिला फक्त हॉर्न माहीत आहे.” सभागृह हसलं. बाबा गेल्यावर आई बाबांची गाडी शिकली. रविवारी अंबडच्या कंपन्या बंद असतात, तेव्हा त्या मोकळ्या रस्त्यांवर आई गाडी चालवायची आणि ही मागून पळायची. आई गायीला हॉर्न द्यायची, बंद गेटला द्यायची, समोर कुणी नसलं तरी द्यायची. “मी म्हटलं, आई, रस्त्यावर लय लांबपर्यंत कुणी नाही, तू वाजवतेस कुणाला? तर आई म्हणते, रस्ता मोकळा असला तरी सांगितलेलं बरं, की मी येतेय.”

हसता हसता मी चष्मा काढला. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. ती घंटा वाजवणाऱ्या बाईंकडे वळून म्हणाली, “थांबा ना, अजून हाय!” पुन्हा हशा. मग तिनं घाईघाईत शेवट गुंडाळला, त्यात दोन वाक्यं सांडली. मागच्या रांगेत तिचे सर मान खाली घालून बसले होते. त्यांचे ओठ हलत नव्हते, कारण त्यांना हे पाठच नव्हतं.

गुणांची बेरीज करायला आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. नटवर्य म्हणाले, “बाई, गोड आहे पोरगी. पण विषयाला खोली कुठाय?”

“खोली कशाला हवी, विहीर खणायचीये?”

“‘लय’ म्हणाली स्टेजवर. वेळही पाळली नाही. आणि परिणाम?”

“अख्खं सभागृह हसलं. तो परिणाम नाही?”

“हसणं वेगळं हो,” ते म्हणाले. त्यांनी ते इतक्या समजूतदारपणे म्हटलं की मला त्यांच्या अंगावर चहा ओतावासा वाटला. त्यांनी तिला उच्चारात कापलं होतं, वेळेत कापलं होतं आणि शेवटच्या रकान्यात तर पार झोपवलं होतं. माझे गुण मिळवूनही ती पहिल्या तिघांत येईना. मी भांडले. आयोजक दोनदा डोकावून गेले. शेवटी तडजोड म्हणून तिला उत्तेजनार्थ द्यायचं ठरलं. बाहेर येताना मला वाटलं, चला, काहीतरी मिळवून दिलं.

कार्यक्रम संपल्यावर तिचे सर हात जोडून समोर आले. “मॅडम, उत्तेजनार्थ म्हणजे नंबर नाही हो. आमच्या फलकावर फक्त पहिल्या तिघांची नावं लागतात. मुख्याध्यापक मला विचारतात, हातातला हुकमी एक्का सोडून हे काय केलंत?” ती त्यांच्या शेजारीच उभी होती, प्रमाणपत्राची गुंडाळी करून. माझ्याकडे तिनं काही मागितलं नाही.

माझा तोल गेला. “सर, डबा करायचाच असेल तर निदान त्यातली भाजी तरी काढा. बाप जेवून गेला होता तिचा.”

ते गोंधळले. मग अगदी मनापासून म्हणाले, “पण मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, ही भाषण करत नव्हती, जगत होती म्हणून? ते तुमचं वाक्य मी सगळ्या मुलांना सांगतो.”

आपलेच दात, आपलेच ओठ.

यंदा त्याच स्पर्धेला, त्याच सभागृहात, आम्ही दोघं पुन्हा परीक्षक होतो. तिच्या क्रमांकाचा पुकारा झाला. उंची वाढली होती, वेण्यांची एक वेणी झाली होती. “बाबा,” तिनं सुरुवात केली आणि मला कळलं.

मी पेन खाली ठेवलं. तिचे दोन्ही हात मोकळे होते, तळवे उघडे. चिमटा कुठंच नव्हता. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं, सगळं तिला आलं होतं. “तुमच्या गाडीला अडकवलेला डबा घरी आला. आईनं तो उघडला. तो...” आणि ती थांबली. अख्ख्या सभागृहावरून तिनं नजर फिरवली. ती नजर माझ्यापाशी आली तेव्हा मी मनात म्हटलं, रिकामा म्हण. रिकामा म्हण गं पोरी.

“भरलेलाच होता.”

कुणीतरी हुंदका दिला. शेजारी नटवर्यांनी रुमाल काढला. तिनं सगळ्यांना रडू दिलं आणि मग, हवा तेव्हा, स्वतःच्या डोळ्यांत पाणी आणलं.

त्या दिवशी तिच्या जवळपास पोचेल असं कुणी नव्हतं. मी कुठल्या रकान्यात गुण कापणार होते? गुणतक्त्यात खऱ्याखोट्याचा रकाना नसतो, आणि असता तरी तिथं शिक्षा त्या पोरीला झाली असती. मी जे ऐकलं त्याचे गुण दिले. ती पहिली आली. मनोगतात मी फक्त शुद्ध उच्चारांवर बोलले, तेही थोडक्यात, त्यामुळे आयोजक खूश झाले.

करंडक छातीशी धरून ती पायऱ्यांवर मला गाठायला धावत आली. चेहरा फुललेला. “मॅडम, आता चिमटा काढावा लागत नाय. जमतं मला.”

शाबासकीसाठी थांबली होती ती. मी म्हणाले, “शाब्बास.” दुसरं काय म्हणू?

तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. लांबलचक. रविवारची दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

“आई आली,” ती म्हणाली.

“आत नाही येत?”

“नाय. डबा असला की ती बाहेरच थांबते.” आणि करंडक सांभाळत ती पळाली. आईनं गाडीवरून न उतरता करंडक घेतला, पायांपाशी ठेवला आणि गाडी वळवली.

आईला आत येऊन, पहिल्या रांगेत बसून ऐकता आलं असतं असं एकच भाषण त्या पोरीकडे होतं. त्याला आम्ही उत्तेजनार्थ दिलं.