दसरूचा उरलेला डोळा

मुलचेऱ्याच्या रस्त्यावरचं बॅटरीचं दुकान दसरूचं, असं पाटी सांगते. पाटीचं काय घेऊन बसलात! निम्मं दुकान कमळाचं आहे. गळक्या बॅटरीच्या टोकांवर हिरवा-पांढरा खार चढतो, तो गरम पाण्यात सोडा घालून फसफसवायचा आणि जुन्या ब्रशनं घासून काढायचा, हे काम वीस वर्षं त्याची बायको, म्हणजे कमळाच, करते. तिच्या सगळ्या साड्यांना बारीक भोकं आहेत, उंदरानं कुरतडल्यासारखी.

दसरूला एकच डोळा. दुसरा बारा वर्षांपूर्वी ॲसिडनं खाल्ला. तेव्हा कमळा पाणी घेऊन धावली होती, पण सासूनं हात धरला. जळल्यावर पाणी नाई टाकत, फोड येते, म्हणे! मग शेजारची लेकुरवाळी मंगली बोलावली आणि तिच्या अंगावरचं दूध दसरूच्या डोळ्यात पिळलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कमळानंही. तिसऱ्या दिवशी चंद्रपूरचा डॉक्टर म्हणाला, बाई, त्याच घडीला पाणी ओतायचं होतं, हात दुखेपर्यंत ओतायचं होतं. डोळा तर गेलाच होता. तेव्हापासून दुकानात दोन गुंड, म्हणजे दोन घागरी, पाणी कायम भरलेलं असायचं. तहानलेलं गिऱ्हाईक आलं तरी कमळा त्यातलं घोटभर देत नसे, अशी खडूस बाई.

या वैशाखात गावातल्या लालसूभाऊच्या पोरीचं, दिव्यानीचं, लग्न निघालं आणि हातपंप नुसता खोकायला लागला. लग्नघरी दर घरानं दोन गुंड पाणी द्यायचं, ही गावची रीत. कमळाच्या घरात थेंब नव्हता. लोक काय म्हणतील, म्हणून तिनं दुकानातलेच दोन गुंड उचलून दिले. एका दिवसाचा तर प्रश्न, संध्याकाळी भरून ठेवू, म्हणाली.

आणि नेमका त्याच दिवशी डीजेच्या गाडीवाला हेमराज बॅटरी घेऊन आला. ती गळत होती, स्पीकरचं कापड जाळत होती, म्हणून या शहाण्यानं तिच्या झाकणांची भोकं साबण चोळून बुजवली होती. सांगितलं मात्र कोणाला नाही. वरून खार इतका माजलेला, की दसरूला साबण दिसला नाही. हेमराजची घाई चाललेली, त्यामुळं बॅटरी साफ न करताच चार्जिंगला लावली. भोकं बंद तर आतला गॅस जाणार कुठी? कमळा हेमराजच्या बाटलीतल्या घोटभर पाण्यात सोडा टाकून ते चुलीवर ठेवायला आत गेली. इकडे दसरूनं वायरीचा चिमटा काढला, ठिणगी उडाली आणि बॅटरी फुटली.

ती बाहेर आली तेव्हा दसरू गुडघ्यांवर बसला होता, तोंड दोन्ही हातांत धरून.

"कमळा, दिसून नाई राह्यलं."

ती गुंडांकडे धावली. कोपरा रिकामा होता. बाई गं, आपल्याच हातानं दिले! हातपंपाला तिनं वेड्यासारखे हिसके मारले, तर चूळभर गढूळ पाणी आलं. आता काय करू, कोणाला हाक मारू? तिनं दसरूचं मनगट धरलं आणि त्याला ओढत लालसूच्या मांडवात नेलं.

तिथं दिव्यानी हळद लागून पाटावर बसली होती, शेजारी तिच्या आंघोळीचं गंगाळ भरलेलं. कमळानं दसरूचं डोकं गंगाळापाशी दाबलं तसा लालसू आडवा आला. नवरीचं पाणी होतं ते, त्याला हात लावणं अपशकुन. मागून कोणीतरी म्हणालंच, पाणी नको, दूधवाली बाई पहा. कमळाचं डोकंच फिरलं.

"लालसूभाऊ, एक डोळा तुमच्या रीतीत गेला. हा मी नाई देत."

लालसू जागचा हलला नाही. पण दिव्यानी पाटावरून उठली, बापाला बाजूला सारून तिनं तांब्या उचलला आणि हळदीच्या हातांनी ओतायला लागली. कमळानं बोटांनी पापण्या ताणून धरल्या. दसरू गुरासारखा ओरडत होता, ती सोडत नव्हती. गंगाळ संपलं. मग जेवणावळीच्या पाण्याची पिंपं उघडली. त्या दिवशी वऱ्हाडाला भात मिळाला नाही, आणि त्यापायी कमळानं ज्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

नवरदेवाच्या जीपमधून त्यांना चंद्रपूरला नेलं. डॉक्टरनं पट्टी बांधली. बुबुळ भाजलं आहे, आशा ठेवा पण भरवसा देत नाही, म्हणाला. आठ दिवस कमळा खाटेपाशी बसून होती. जेवण जात नव्हतं. मीच दिलं पाणी, मीच दिलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. ते दसरूला सांगायची हिंमत तिला झाली नाही. तो चाचपडत तिचा हात शोधायचा, तर ती हात पदराखाली घेऊन दंड पुढे करायची.

नवव्या दिवशी पट्टी सुटली. डोळा लालभडक, पाणी गळतंय. डॉक्टरनं विचारलं, काही दिसतं का? दसरू छताकडे तोंड करून पापण्यांची उघडझाप करत राहिला. कमळा खाटेचा दांडा धरून उभी राहिली. सगळं संपलं, असंच वाटलं तिला.

दसरूनं मान वळवली. कितीतरी वेळ तो त्या दांड्याकडे पाहत राहिला.

"तुह्या बोटाले काय झालं?"

पापण्या धरताना ॲसिड तिच्या नखांत गेलं होतं. बोटांची साल निघाली होती, दोन नखं काळी पडली होती. कमळानं सवयीनं हात पदराखाली लपवले. मग बाहेर काढले आणि दोन्ही पंजे त्याच्या तोंडासमोर धरले.

"पाहा," ती रडत म्हणाली. "चांगलं पाहा."